निकालानंतरचा रविवार



२३ मे २०१९ चा गुरुवार आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. लोकसभा निवडणुकीची मतमोजणी चालू होती. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झाले. कुठे फटाके वाजले, तर कुठे टीव्ही बंद करून माणसे मुकाट्याने जेवायला बसली. त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात नेहमीचा गलबला नव्हता. एक निवृत्त शिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या, "आता आपले काही खरे नाही. पुढच्या वेळी मी मतदानालाच जाणार नाही. माझ्या एका मताने काय होणार?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. "देव आहे ना," असे म्हणून आम्ही विषय बदलला. घरी परतताना मात्र मनाला टोचत राहिले. ते उत्तर नव्हते, ती पळवाट होती. आजचे हे चिंतन म्हणजे त्या बाईंना उशिरा दिलेले उत्तर आहे.

भीती खोटी नाही

भ्यालेल्या माणसाला "घाबरू नकोस" एवढेच सांगणे म्हणजे त्याचे म्हणणे ऐकून न घेणे होय. २००८ साली ओडिशातील कंधमालमध्ये ख्रिस्ती लोकांची घरे आणि चर्चेस जाळली गेली, हजारो माणसे जंगलात व छावण्यांत राहिली. २०२३ साली मणिपूरमध्ये हिंसा उसळली, तेव्हाही चर्चेस जळाली. अशा बातम्या वाचून पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कंधमालच्या वेळी केंद्रात एका आघाडीचे सरकार होते, मणिपूरच्या वेळी दुसऱ्या आघाडीचे. म्हणजे आपली सारी भीती एका निकालाने आली असे नाही आणि दुसऱ्या एखाद्या निकालाने ती पुरती जाईल असेही नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. त्याच रविवारी, त्याच बाकावर एक तरुण बसला होता. त्याने विजयी पक्षाला मत दिले होते, आपल्या विचाराने दिले होते. आवारातली कुजबुज ऐकून तो कोणाशी न बोलता निघून गेला. "आपल्याच माणसांत मी परका झालो," असे तो नंतर म्हणाला. एकाला देशात परके वाटत होते, दुसऱ्याला देवळात. दोघांनीही एकाच वेदीवरून प्रभूचे शरीर स्वीकारले होते.

त्या दोन रविवारची वाचने

रविवारची वाचने निकाल पाहून कोणी निवडत नाही. ती तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असतात. त्या रविवारी, २६ मे २०१९ रोजी, पास्काकाळातील सहावा रविवार होता आणि योहानलिखित शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचला गेला. प्रभू येशू शिष्यांना स्वतःची शांती देतो आणि अंतःकरण अस्वस्थ होऊ देऊ नका असे सांगतो. हे तो कधी सांगतो? अटकेच्या आदल्या घटकेला, जेवणाच्या मेजावर. बाहेर रोमन सत्ता तशीच होती, पिलात जागेवरच होता. दुसऱ्या दिवशी क्रूस ठरलेला होता. सत्ता पालटली म्हणून ती शांती आली नव्हती, म्हणूनच ती सत्तेला हिरावूनही घेता येत नाही.

पाच वर्षे गेली. २० मे २०२४ रोजी आपल्या पालघर मतदारसंघात मतदान झाले. ऊन रणरणत होते. रांगेत त्या शिक्षिका छत्री घेऊन उभ्या होत्या! आम्ही आश्चर्याने पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी बसून भीती काही कमी झाली नाही, म्हणून आले."

४ जूनला निकाल लागला. या वेळी हिरमुसलेली तोंडे वेगळी होती, एवढाच फरक. त्यानंतरच्या रविवारी, ९ जूनला, पहिले वाचन उत्पत्तीच्या पुस्तकातून होते. देव आदामाला हाक मारून तो कुठे आहे असे विचारतो. आदाम सांगतो की तो भ्याला आणि लपला. शुभवर्तमानात प्रभू बजावतो की आपसांत फुटलेले घर टिकत नाही.

बंधुभगिनींनो, भीती वाटणे हे पाप नव्हे. लपून बसण्याची सवय मात्र घातक आहे. मतदानाला न जाणे, शेजाऱ्याशी बोलणे टाळणे, मुलांना "इथे काही राहिले नाही" असे रोज ऐकवणे, ही आपली झाडे आहेत. त्यांच्याआड आपण लपतो. तिथेच देवाची हाक येते.

आपल्या वडीलधाऱ्यांचा धडा

घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा हेही त्या समितीचे सदस्य होते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा ख्रिस्ती नेत्यांनी त्याला साथ दिली. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तरी त्यांनी शेजाऱ्यावर भरवसा ठेवला. त्यांच्या हातून आपल्याला कलम २५ ने सदसद्विवेकाचे आणि धर्मपालनाचे स्वातंत्र्य मिळाले, कलम ३० ने शाळा चालवण्याचा हक्क मिळाला. हे हक्क कोणा पक्षाने दिलेले दान नव्हे. ते जपण्याचे काम पाच वर्षांतून एकदा करून भागत नाही.

आपल्या वसईला हे ठाऊक आहे. २०२४ साली प्रभूघरी गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले, तेव्हा निवडणुकीची वाट पाहत बसले नाहीत. झाडे आणि पाणी वाचवायला सर्व धर्मांची माणसे एकत्र आली. त्या मोर्चांत ओळख झालेली घरे आजही एकमेकांच्या सणांना जातात.

या आठवड्यात

कौटुंबिक जपमाळेच्या वेळी देश चालवणाऱ्यांसाठी एक विनंती करू या. आपण ज्याला मत दिले नाही, त्याच्यासाठी आधी. पौलाने तीमथ्याला राजांसाठी प्रार्थना करायला सांगितले, ते राजे काही ख्रिस्ती नव्हते. मतदार यादीत घरातल्या सर्वांची नावे आहेत ना, ते पाहू या. खात्री नसलेला भीतीचा निरोप मोबाइलवरून पुढे पाठवायचा नाही, असे ठरवू या. आणि आज मिस्सात शांती देताना, ज्याच्याशी राजकारणावरून बोलणे थांबले आहे त्याच्याकडे वळू या. हात जोडताना त्याच्या डोळ्यांत पाहू या.

प्रार्थना करू या : हे प्रभो, आम्ही भ्यालो आणि लपलो. आम्हांला नावाने हाक मार. आमच्या देशाला न्याय दे, आमच्या घराला एकी दे आणि आमच्या पायांना बाहेर पडण्याचे बळ दे. आमेन.