कोमेडापासून पुढे

पोलंडमध्ये जॅझ वाजवणाऱ्याला क्शिश्तोफ कोमेडा हे नाव टाळता येत नाही. तो मुळात कान-नाक-घशाचा डॉक्टर. कम्युनिस्ट राजवटीच्या सुरुवातीच्या वर्षांत जॅझकडे संशयाने पाहिलं जाई. दवाखान्यात बोभाटा नको म्हणून त्याने खरं आडनाव मागे ठेवून कोमेडा हे नाव घेतलं. १९६६ साली त्याची ‘अ‍ॅस्टिग्मॅटिक’ ही तबकडी आली. १९६९ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो गेला. मागे राहिलेल्यांना त्याच्या सावलीतच वाढावं लागलं.

व्रॉत्स्वाफ शहरातल्या ‘ईएबीएस’ या तरुण मंडळींनी २०१७ मध्ये आपली पहिली स्टुडिओ ध्वनिमुद्रिका केली, तीही कोमेडाच्याच रचनांवर. मात्र गाजलेल्या चिजा त्यांनी बाजूला ठेवल्या. फारशा कुणी न ऐकलेल्या रचना काढल्या, त्यातला एखादा लहानसा तुकडा उचलला आणि हिप-हॉपच्या ठेक्यावर तो घोळवत, वाढवत नेला. पूर्वसुरींचा आदर असाच करावा, असं मला मनापासून वाटतं. नुसती नक्कल करणाऱ्याने त्यांचं नीट ऐकलेलंच नसतं.

लोकांना हे आवडलं, तेव्हा तिथेच थांबण्याचा मोह झाला असता. पण २०१९ मध्ये ते ख्रिस्तपूर्व स्लाव्ह श्रद्धांकडे आणि पोलिश मनातल्या खिन्नतेकडे वळले. वादन संथ झालं, गडद झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या सन रा याचं संगीत हाती घेतलं. मी शनी ग्रहावरून आलो आहे, असं हा अवलिया ठामपणे सांगत असे. मग २०२३ मध्ये लाहोरच्या ‘जौबी’ या चमूबरोबर त्यांनी सबंध ध्वनिमुद्रिका केली. तिथे सॅक्सोफोनच्या शेजारी सारंगी आहे, तबला आहे. गवय्याच्या मागोमाग जाणारी सारंगी आपल्या कानांना सवयीची. इथे तिला संगतीच्या जागेवरून उठवून बरोबरीने बसवलं आहे. ते ऐकताना मला फार आनंद झाला.

प्रयोग म्हणजे मोडतोड, असं आपण पटकन समजतो. या मंडळींनी दर वेळी आधी कुणाचं तरी लक्ष देऊन ऐकलं, मग आपलं वाजवलं. आधीच्या ध्वनिमुद्रिकेवर जीव जडलेला रसिक पुढच्या ध्वनिमुद्रिकेपाशी थोडा बिचकतो, हे खरं. ती किंमत त्यांनी मोजली.

त्यांचं संगीत ऐकायचं मनात आलं, तर मधूनच उचलू नका. २०१७ पासून क्रमाने ऐका, आणि त्याआधी एकदा कोमेडा ऐका.