यिर्मयाचं अर्धं पत्र

आदिवासींच्या हक्कांसाठी झगडणारे जेसुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी मुंबईतल्या इस्पितळात वारले, तेव्हा ते कच्चे कैदी होते. वय 84, अंगात कंपवात, आणि खटला उभाही राहिलेला नव्हता. तेव्हापासून आम्हा ख्रिस्ती लोकांत एक विधान वारंवार कानी पडतं, आणि आता ते उपदेश म्हणूनही ऐकवलं जातं: दिवस वाईट आहेत, धर्मगुरूंनी वेदीपाशी राहावं, भाविकांनी प्रार्थना करून आपापला कामधंदा पाहावा. आधाराला रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय असतो आणि यिर्मया संदेष्ट्याने बाबेलच्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र. या उपदेशाला उत्तर देणं मला भाग आहे.

रोमकरांस पत्राचं लवकर आटोपतं. पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो, हे खरं; पण तोच पौल पुढे तुरुंगात पडला आणि तिथूनही मंडळ्यांना पत्रं लिहीत राहिला. अधीन राहणं म्हणजे तोंड शिवून घेणं, असा अर्थ त्याच्या आयुष्यातून तरी निघत नाही.

यिर्मयाचं पत्र मात्र सहज बाजूला सारता येत नाही. धरून नेलेल्या लोकांना तो कळवतो की तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा आणि त्या शहराचं भलं चिंता. हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असं सांगत होता. यिर्मयाने सत्तर वर्षांचा हिशेब मांडला. इथवर उपदेशकांचं म्हणणं मला मान्य आहे. वाईट काळ लांबतो, आणि लांबलेल्या काळात निव्वळ निषेधावर कोणताही समाज तगत नाही.

पण ते पत्र लिहिणाऱ्याचं पुढे काय झालं, हे उपदेशक सांगत नाहीत. येरुशलेमला वेढा पडला असताना त्याने दरबाराला नको असलेलं सत्य सांगितलं. सैनिकांचा धीर खचवतो, असा ठपका ठेवून सरदारांनी त्याला चिखलाने भरलेल्या टाक्यात सोडलं. त्याला वर काढलं एबद-मलेख या परदेशी माणसाने. त्याने आधी राजाला गाठून परवानगी मिळवली. मग दोर काचू नयेत म्हणून जुन्या चिंध्या खाली सोडल्या आणि त्या काखेत धरायला सांगितल्या. राजासमोर उभं राहण्याचं धाडस आणि दुसऱ्याच्या काखेची काळजी एकाच माणसाकडे होती. संकटकाळातल्या श्रद्धेची याहून नेमकी ओळख मला बायबलात दुसरीकडे सापडत नाही.

महाराष्ट्रात अशी श्रद्धा पाहायची तर ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंकडे जावं. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीत सापडलेल्या मुली आणल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती उभी केली. हे झालं मळे लावणं. त्याच 1897 साली पुण्यात प्लेग होता. मे महिन्यात रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांची काय दैना होते ते उघड केलं, त्यात स्त्रियांसाठी त्यांनी चालवलेल्या सदनातल्या एका मुलीची हकिगत होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते स्वधर्मीय होते, देणग्या विलायत-अमेरिकेतून येत होत्या. तरी रमाबाईंनी लेखणी आवरली नाही.

रमाबाईंवर एक आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अन्न देणाऱ्या हातात बायबलही होतं. उपाशी मुलीच्या होकाराला मोकळा होकार म्हणता येत नाही, असं मी ख्रिस्ती असूनही मानतो. रमाबाईंनी वाचवलेल्या जिवांचं मोल यामुळे कमी होत नाही. मात्र आपली सेवा आज कुठल्या अटीवाचून व्हायला हवी, हे त्यातून ठरतं.

तेव्हा गप्प राहून सेवा करणाऱ्यांना यिर्मयाचा अर्धाच वारसा मिळतो, आणि नुसती पत्रकं काढणाऱ्यांनाही अर्धाच. माझी विनंती धर्मग्रामांना आहे. या नाताळात अन्नाची पाकिटं वाटाच, पण जवळच्या तुरुंगात वर्षानुवर्षं तारखा मोजणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी वकिलाचा खर्चही उचला आणि त्यांच्या बाजूने उघडपणे लिहा. ते ख्रिस्ती आहेत की नाहीत, हे विचारू नका.