ऐकू आले, पण कोणाचे?

ग्रीस देशात एपिडॉरस येथे एक प्राचीन नाट्यगृह आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातले. डोंगरउतारावर चुनखडीच्या दगडाच्या ५५ पायऱ्या आणि पायथ्याशी मातीचे गोल रिंगण. रंगमंचाच्या इमारतीचा केवळ पाया उरला आहे. रिंगणात साध्या आवाजात बोललेले पार वर ऐकू येते, अशी त्याची ख्याती.

ते अनुभवायला मी भराभर वर निघालो. आमच्याबरोबर गुडघ्यांनी अधू झालेल्या एक आजी होत्या. "माउली, जरा हात द्या हो," त्या म्हणाल्या. "आलोच," म्हणत मी पुढे गेलो. शेवटच्या पायरीवर बसलो. खाली मध्यभागी वाटाड्या बोलत होता. शब्द न् शब्द कळत होता. मी हरखून गेलो. मग सहज खाली पाहिले, तर आजी दहाव्या-बाराव्या पायरीवर उन्हात एकट्याच बसलेल्या.

हे स्थान मुळात आरोग्यदेव अस्क्लेपिओसचे. दूरदूरचे रोगी येथे येत, देव स्वप्नात येऊन बरे करील या आशेने मंदिराशेजारी निजत. अशा दुखणाइतांच्या गावी नाट्यगृह का बरे असावे? अॅरिस्टॉटल म्हणतो, शोकनाट्य पाहताना करुणा आणि भय जागे होतात आणि त्या भावनांचे शोधन होते. पण त्याचा गुरू प्लेटो साशंक होता. दुसऱ्याचे खोटे दुःख पाहून रडण्यात एक गोडी असते. ती गोडी आपल्याला दुबळे करते, असे त्याचे म्हणणे.

दोघांपैकी खरे कोण? मला वाटते, याचा निकाल नाट्यगृहात लागतच नाही. तो बाहेर पडताना, पायऱ्या उतरताना लागतो. आपलेही तसेच आहे. कीर्तनात संतांचा छळ ऐकून डोळे भरून येतात. ते अश्रू खोटे नसतात, पण अपुरे असतात. मंडपाबाहेर कोणी हात मागितला आणि तो आपण दिला, तरच ते पुरे होतात.

मी उतरून आजींपाशी बसलो. त्यांनी विचारले, "वरती ऐकू आलं का हो?"

"आलं," म्हणालो. पण खालची त्यांची हाक ऐकूनही मी थांबलो नव्हतो, हे सांगायला जीभ रेटेना. हात तेवढा पुढे केला.

रामकृष्ण हरी.