रंगवलेले सागवान

जिना साध्या, हलक्या लाकडाचा होता. आमचा रंगारी कन्नड मुलखातला. तो म्हणाला, "सर, तेगाच्या रेषा काढून देतो. खानापूरचा लाकूडवालासुद्धा फसंल बघा!" घरची मंडळी खूश झाली. मी मात्र 'फसंल' ह्या शब्दापाशी अडलो. भास निर्माण करणे म्हणजे खोटे बोलणेच का?

कारागिरी म्हणून हे काम सोपे नव्हे. फिकट पिवळसर रंगाचे हात द्यायचे, ते पूर्ण वाळू द्यायचे. मग तपकिरी रंग जवसाच्या तेलात पातळ करून त्यावर फिरवायचा आणि ओला असतानाच कंगव्याने, कोरड्या ब्रशाने ओढायचा. खालचा फिकट रंग रेषारेषांतून वर डोकावतो. मध्येच हात किंचित वळवला की लाकडातली गाठ उमटते! वरून व्हार्निश. इंग्लंडात बोल्टनच्या थॉमस केर्शॉ ह्या रंगाऱ्याला १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ह्याच कसबाबद्दल पदक मिळाले.

त्याआधी दोनच वर्षे, १८४९ साली, जॉन रस्किनने 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' ह्या ग्रंथात एका वस्तूला रंगाने दुसरीचे रूप देण्याची गणना फसवणुकीत केली होती. पण सोन्याच्या मुलाम्याला त्याने सूट दिली. इमारतीवरचा मुलामा भरीव सोने आहे असे कोणी समजत नाही, म्हणून ती फसवणूक नव्हे. दागिन्यावर मात्र तीच फसवणूक ठरते. रस्किनचा हा अपवाद मला त्याच्या नियमापेक्षा मोलाचा वाटतो. वस्तू तीच, मुलामा तोच; फरक पडतो तो पाहणाऱ्याच्या समजुतीने.

आपल्याकडे ह्याची उलट बाजू महाभारतात आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. धर्मराजाचे शब्द तपासले तर त्यांत खोटे काही सापडत नाही. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, कारण द्रोणाचार्यांनी त्या शब्दांवर विसंबून शस्त्र ठेवले. म्हणजे खऱ्या शब्दांनी फसवता येते. मग खोट्या रेषांनी न फसवताही राहता येईल की नाही? आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. रंगवलेल्या पडद्यावरच्या अरण्याला लबाडी म्हणणारा प्रेक्षक अजून जन्मायचा आहे!

गंमत पाहा. सत्यवचनी म्हणून ज्यांची गोष्ट आपण शाळेत सांगतो त्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या घरात, मधल्या दालनाच्या पाइनच्या फळ्या महोगनीसारख्या रंगवलेल्या आहेत. बाहेरच्या लाकडी भिंतींवर ओल्या रंगावर वाळू मारून दगडाचा भास आणला आहे. आणि ती चेरीच्या झाडाची गोष्टही चरित्रकार वीम्सने रचलेली, असे इतिहासकार सांगतात! वॉशिंग्टनला मी ह्यामुळे कमी लेखत नाही. वीम्सला मात्र लेखतो. लोक आपली हकीकत खरी मानतील ह्या भरवशावरच त्याने ती लिहिली.

पाहुण्याने जिन्यावर हात फिरवून "सागवान का हो?" असे विचारले आणि "छे, रंग आहे" असे सरळ उत्तर मिळाले, तर त्या रेषा निर्दोष आहेत. उलट त्यालाही रंगाऱ्याच्या हाताचे कौतुक वाटेल. यजमान नुसता हसला, तर दोष रंगाचा नव्हे, हसण्याचा. घर विकायला काढले की प्रश्न अधिक कडक होतो. तिथे घेणाऱ्याचे पैसे त्या समजुतीवर उभे असतात, आणि "त्यांनी विचारलेच नाही" हे उत्तर चालणार नाही. धर्मराजाने 'हत्ती' हा शब्द हळू उच्चारला होता, तसेच ते आहे.

हे मी ज्या टेबलावर लिहितो आहे त्याच्या सनमायकावरही लाकडाच्याच रेषा आहेत, कागदावर छापलेल्या. त्याबद्दल आजवर कोणी मला काही विचारलेले नाही.