मागं राहिलेली

१९१८ साली मानमोडीची साथ आली. मुंबईत बोटीनं उतरली आणि दसऱ्याच्या सुमारास खेडोपाडी पसरली. त्यात पावसानंही दगा दिलेला. देशात कोटीच्या वर माणसं गेली. आमच्या भावकीतली थोरली आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. आठवड्यात सासू, दीर, नवरा गेले. ती एकटी उरली.

लोक म्हणायचे, "सगळ्यांना खाऊन बसली." हे कोडं मला अजून सुटत नाही. बायको-पोरं गेलेले बाप्येही गावात होतेच. वर्षाच्या आत त्यांचं दुसरं लगीन झालं, तू का उरलास असं कुणी विचारलं नाही. मागं राहणं हा गुन्हाच असंल, तर तो दोघांनाही सारखाच की!

आणि खाण्याचंच म्हणाल, तर घरात राखेत घोळून मडक्यात ठेवलेली बियाण्याची ज्वारी होती. तिला तिनं हात लावला नाही. पाथरी, तांदुळजा, मिळेल ते शिजवून खाल्लं.

"कुणासाठी राखलीस गं आजे?" लहानपणी मी विचारलं होतं.

"पेरायची होती नव्हं," ती म्हणाली.

पुढच्या मृगाला पेरलीही. बैल कुणी दिले नाहीत, म्हणून खुरप्यानं टोकून.