साथीच्या दिवसांतील रोजनिशी

एखाद्या थोर पुरुषाची रोजनिशी जपून ठेवतात, हे समजते. परंतु चारचौघांनी साथीच्या दिवसांत काय खाल्ले, कोणाशी भांडले, रात्री झोप लागली की नाही, याच्या वह्या मागवायच्या आणि दप्तरखान्यात बांधून ठेवायच्या, हा काय प्रकार? इंग्लंडात तसे झाले. तेथील ‘मास ऑब्झर्वेशन’ ही संस्था १९३७ साली निघाली. त्या वर्षी १२ मे रोजी सहाव्या जॉर्ज राजाला राज्याभिषेक झाला. तो दिवस सामान्य माणसांना कसा गेला, हे त्यांच्याच हातून लिहवून घेतले गेले. २०२० साली करोनाच्या साथीत त्याच तारखेसाठी संस्थेने हाक घातली, तेव्हा सुमारे ५,००० रोजनिशा जमल्या.

यावर कोणी वेदान्ती म्हणेल, “अहो बुवा, देहच जिथं नश्वर, तिथं त्यानं सकाळी पोहे खाल्ले की उपमा, याची नोंद कशाला? साक्षी तो आत्मा. त्याला वही लागत नाही.” पूर्वपक्ष चांगला आहे, पण तो परमार्थातला. व्यवहारात साक्ष माणसाचीच घ्यावी लागते, आणि तिच्याविषयी न्यायशास्त्राने मोठी सावधगिरी सांगितली आहे. नैयायिक स्मृतीला प्रमा मानीत नाहीत. यथार्थ अनुभव ती प्रमा. स्मृती मागे उरलेल्या संस्कारातून उठते. पाठशाळेत हे घोकताना कोरडे वाटते. लंडनचा प्लेग पाहावा, म्हणजे त्यातला ओलावा कळतो.

तो प्लेग १६६५ सालचा. नौदलाच्या कचेरीतला सॅम्युअल पीप्स नावाचा अंमलदार तेव्हा रोजच्या रोज लघुलिपीत लिहीत असे. ३ सप्टेंबरला त्याने केसांचा नवा टोप घातला, आणि त्याला विचार पडला की साथ सरल्यावर टोपांची चाल राहील का? केस प्लेगाने मेलेल्याचे असतील, या भयाने ते घेणार कोण! वर्षअखेरीस तर तो स्वच्छ लिहितो की या साथीत आपण कधी नव्हे इतके मजेत राहिलो आणि पैसाही पुष्कळ मिळवला. वाचून अंगावर काटा येतो. याच साथीवर डॅनियल डिफोने १७२२ साली पुस्तक लिहिले. साथीच्या वेळी तो पाचेक वर्षांचा पोर. पुस्तक उत्तम आहे, निवेदक गंभीर आणि ईश्वरभीरू आहे. पण पन्नासांहून अधिक वर्षांनी रचलेली ती साक्ष, आणि टोपाची काळजी ही त्या दिवसाची साक्ष. मला पीप्सच अधिक उपयोगाचा वाटतो, माणूस म्हणून तो आवडो न आवडो.

सज्जनहो, आपल्याकडेही आता हेच चालले आहे. ३० जून २०२० रोजी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या, हे सांगताना आजही डोळे भरून येतात, आणि ते खरेच आहे. पण त्याच महिन्यांत कित्येक घरांनी मोलकरणीला “येऊ नको” म्हटले, पगाराचे मात्र काही बोलले नाही. शेजारी कोणी खोकला की खिडकी लावली. हे आता कोण सांगतो? त्या रात्री वहीत उतरले असेल तेवढेच उरले. म्हणून वह्या जमवणाऱ्याने त्या शोभिवंत करू नयेत.

अडचण निराळीच आहे. वही लिहिणाऱ्याची, पण तीत सून आहे, शेजारी आहे, आजारी सासरा आहे. त्यांची संमती कोणी घेतली? नाव झाकले तरी घरातले माणूस घरच्याला ओळखतेच. पीप्सची रोजनिशी १८२५ साली छापली गेली, तोवर त्यातले कोणी लाजायला उरले नव्हते. तेव्हा आजच्या वह्याही एक पिढी कुलपात राहाव्यात, असे मला वाटते. अभ्यासकांना घाई असेल, असू दे.

आणि २०२० च्या मे महिन्यात जो मजूर पोर खांद्यावर घेऊन हमरस्त्याने गावाकडे चालत होता, त्याच्यापाशी वही कुठली? त्याचे कोणी आज विचारून लिहून घेईल, घ्यावेच. नैयायिक त्याला स्मृती म्हणेल, म्हणो. लिहून घेणाऱ्याने इतके करावे: घडले केव्हा आणि सांगितले केव्हा, या दोन्ही तारखा वर घालाव्यात, आणि तो जिथे बोलता बोलता थांबला, तिथे आपली वाक्ये भरू नयेत.