उष्म्याची विल्हेवाट

वैशाखात परभणीचा पारा बेचाळीस अंशांच्या वर जाऊन बसतो आणि कचेरीच्या आवारातील लिंबाखालीही पक्षकारांना उभे राहवत नाही, अशा दिवसांत नवे घर बांधू पाहणाऱ्या गृहस्थाने सबंध घरासाठी मध्यवर्ती वातानुकूलनाची कोणती पद्धत घ्यावी अशी पृच्छा केली, तर ती ऐषआरामाची दरखास्त समजून दप्तरदाखल करणे न्यायाचे होणार नाही. ज्या मुलखात रुंद मातीच्या भिंती आणि पांढऱ्या मातीची माळवदे उन्हाचा बंदोबस्त बिनबोभाट करीत असत, तेथे १९४८ साली निजामी अंमल संपल्यानंतरच्या पिढ्यांनी माळवदे उतरवून सिमेंटचे स्लॅब चढविले; दिवसभर तापून रात्री खाली उष्मा सोडणाऱ्या त्या छताखाली यंत्राची निकड निर्माण झाली, यात नवल नाही.

आक्षेप येतो तो धर्माच्या बाजूने. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण ही येणारीजाणारी असल्याने ती सोसावीत असा उपदेश आहे. वेदान्ताने साधकाच्या षट्संपत्तीत तितिक्षेला स्थान दिले. आणि जिंतूरजवळच्या नेमगिरीवर ज्यांची लेणी आहेत त्या जैनांनी मुनीच्या बावीस परीषहांत उष्णतेची स्वतंत्र गणना केली. परंतु हाच धर्म वैशाखात उदककुंभाचे दान सांगतो, रस्त्यावर पाणपोई घालणाऱ्यास पुण्यवान म्हणतो आणि पंढरपूरच्या विठ्ठलाला उन्हाळाभर चंदनाची उटी लावतो. यात विसंगती पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. सोसावे ते स्वतः आणि निववावे ते दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे. तिचा क्रम उलटला की अधर्म सुरू होतो, आणि आपल्या यंत्राने नेमका तोच उलटविला आहे.

कारण यंत्र उष्णता नष्ट करीत नाही, तिची बदली करते. एक टन क्षमतेचे यंत्र पूर्ण चालले असता ताशी सुमारे साडेतीन युनिट उष्णता घरातून उपसते, त्यासाठी साधारण एक युनिट वीज खाते आणि दोहोंची बेरीज गल्लीत ओतते. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी योजना आखली, तिचा हेतू कागदाला हवेच्या ओलीपासून वाचविणे हा होता. शेजाऱ्याच्या खिडकीचा विचार तिला करावा लागला नसेल. आपल्या अरुंद बोळांत मात्र तो टळत नाही.

मग बाष्पीभवनाची पद्धत घ्यावी, म्हणजे घरोघरीच्या कूलरचेच थोरले रूप, जे ओल्या जाळ्यांतून निवविलेली हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत नेते आणि वीज बेताची खाते? परभणीच्या कोरड्या वैशाखात ते उत्तम चालते, मृगाच्या पावसाने हवा दमट झाली की निरुपयोगी ठरते. त्याहून गंभीर बाब पाण्याची आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता शोषली जाते, म्हणजे टनभर गारव्यास ताशी किमान पाच लिटर पाणी हवे. आणि येलदरीचे धरण तळाला गेलेल्या वर्षी, गावात टँकरची वाट पाहणारी घागर रिकामी असताना, ते पाणी जाळ्यांवर सोडणे कोणत्या दानधर्मात बसते?

सर्वस्वी निर्दोष पद्धत नाही, हे मान्य करूनच निवड करावी लागते. एकाच यंत्राने सारे घर डक्टमधून सरसकट थंड करण्याची पद्धत मला सर्वांत सदोष वाटते, कारण तिच्यात रिकाम्या दिवाणखान्यालाही निजलेल्या आजारी वृद्धाइतकाच गारवा मिळतो. एका बाह्ययंत्राला अनेक खोल्या जोडून प्रत्येकीच्या गरजेपुरताच शीतकाचा प्रवाह सोडणारी पद्धत खर्चिक असली तरी विवेकाला जवळची आहे. तिचे बाह्ययंत्र गच्चीवर, तोंड कोणाच्याही खिडकीकडे न करता ठेवावे, आणि त्यापूर्वी स्लॅबवर चुना फासून मूळ मागणीच घटवावी, हे ओघाने आलेच.

तरीही नकाशात एक जागा बहुधा वगळलेली आढळते. फोडणीचा धूर आणि तेलकट वाफ घरभर पसरू नये म्हणून स्वयंपाकघरातील हवा मध्यवर्ती यंत्राकडे परत नेत नाहीत. तेथे स्वतंत्र ताजी हवा आणि धूर ओढणारा पंखा यांची तजवीज करावी लागते, आणि अंदाजपत्रक फुगले की पहिली कात्री या बाबीलाच लागते. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळीत असे आणि विठ्ठल येऊन तिच्या जात्याला हात लावी, ही कथा या जिल्ह्यात लहान मूलही जाणते. देव आला तो दळणाच्या खोलीत. तेव्हा यंत्राची जात कोणती हे ठरविण्याआधी गृहस्थाने नकाशा पुन्हा उलगडावा, चुलीपुढे दोन प्रहर उभ्या राहणाऱ्या बाईच्या डोक्यावर हवेचे तोंड कोठे उघडते ते पाहावे, आणि ते नसेल तर दिवाणखान्याच्या वाट्यातून खर्च काढून आधी ते काढवून घ्यावे.